दुपारी बाराची मुदत : १८व्या लोकसभेच्या अध्यक्षनिवडीचे प्रकरण

२६ जून २०२४ रोजी लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी दोन नावे रिंगणात होती, पण त्यांपैकी एका नावावर सभागृहाने कौल दिलाच नाही. भाजपचे ओम बिर्ला आवाजी मतदानाने निवडून आले, आणि काँग्रेसचे के. सुरेश यांच्या नावाचा प्रस्ताव मताला टाकण्याची वेळच आली नाही. 'सुरेश हरले' असे त्या दिवशी सगळीकडे छापून आले. राजकीयदृष्ट्या ते बरोबरच होते. कार्यपद्धतीच्या भाषेत मात्र त्यांच्या बाजूने किती आणि विरोधात किती, याची नोंद कुठेच नाही. असे का झाले, ते समजून घ्यायचे तर ४ जूनच्या निकालापासून २६ जूनच्या सकाळपर्यंतचा घटनाक्रम नियमांच्या अंगाने पाहावा लागतो.

संख्याबळ

४ जूनच्या निकालात भाजपला २४० आणि राष्ट्रीय लोकशाही आघाडीला मिळून २९३ जागा मिळाल्या. काँग्रेस ९९ वर होती, इंडिया आघाडी २३४ वर. ५ जूनला १७वी लोकसभा विसर्जित झाली, निवडणूक आयोगाची नव्या सभागृहाबाबतची अधिसूचना निघाली, ९ जूनला मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला आणि २४ जूनपासून अधिवेशन ठरले.

लोकसभा विसर्जित झाली की अध्यक्षांचे पद लगेच जाते, हा समज चुकीचा आहे. अनुच्छेद ९४ च्या परंतुकानुसार, नव्या सभागृहाची पहिली बैठक सुरू होण्याच्या लगेच आधीपर्यंत जुने अध्यक्ष पदावर राहतात. मतदारांनी घरी बसवलेला खासदारसुद्धा अध्यक्ष असेल तर तेवढे दिवस अध्यक्षच असतो. म्हणजे बिर्ला २४ जूनच्या सकाळपर्यंत अध्यक्ष होते, आणि पद खरे रिकामे राहिले ते फक्त दोन दिवस.

अध्यक्षनिवडीसाठी २७२ चा आकडा लागत नाही. हजर राहून मतदान करणाऱ्यांचे साधे बहुमत पुरते. राहुल गांधींनी वायनाड सोडल्याने एक जागा रिकामी झाली होती, म्हणजे राहिले ५४२. निवडणुकीच्या सकाळी सात जणांची शपथ बाकी होती. त्यांत पाच इंडिया आघाडीचे होते, आणि अमृतपाल सिंग व शेख अब्दुल रशीद हे दोघे तुरुंगातले अपक्ष. हंगामी अध्यक्ष, म्हणजे नवे अध्यक्ष निवडून येईपर्यंत ते काम पाहणारे सदस्य, पीठासनावर असल्याने त्यांना फक्त मते समसमान पडली तरच निर्णायक मत देता येते. सगळे हजर राहिले असते तरी मतदार ५३४ आणि बहुमताचा आकडा २६८. सत्ताधाऱ्यांकडे २९२ आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वायएसआर काँग्रेसचे ४. विरोधकांचा आकडा २२८ च्या आसपास. निकालाबद्दल शंका कोणालाच नव्हती. विरोधकांना अध्यक्षपद मिळवायचे नव्हतेच, त्यांना उपाध्यक्षपद हवे होते.

हंगामी अध्यक्ष : ज्येष्ठता मोजायची कशी?

अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोन्ही पदे रिकामी असली की अनुच्छेद ९५(१) नुसार राष्ट्रपती एका सदस्याला ते काम सोपवतात. 'हंगामी अध्यक्ष' हा शब्द राज्यघटनेत नाही. सर्वांत ज्येष्ठ सदस्याला नेमावे, हा केवळ संकेत आहे. २०१४ मध्ये कमलनाथ आणि २००९ मध्ये नंदुरबारचे माणिकराव गावित याच संकेताने त्या आसनावर बसले होते.

२०२४ मध्ये ज्येष्ठता मोजण्याच्या दोन रीती समोरासमोर आल्या. केरळच्या मावेलिक्करा मतदारसंघाचे के. सुरेश यांची ही आठवी वेळ होती, पण १९९८ आणि २००४ मध्ये ते हरले होते. ओडिशातल्या कटकचे भर्तृहरी महताब १९९८ पासून सलग सात वेळा आले. त्यांपैकी सहा वेळा बिजू जनता दलाकडून आणि सातव्यांदा भाजपकडून. सरकारने सलग कारकिर्दीची मोजणी ग्राह्य धरली. घटनेत यातली कोणतीच रीत सांगितलेली नाही, आणि एकूण कारकीर्दच मोजायची असा संकेतही अभंग राहिलेला नव्हता : २०१९ मध्ये आठ वेळा निवडून आलेल्या मनेका गांधी सभागृहात असताना सात वेळा आलेले वीरेंद्र कुमार हंगामी अध्यक्ष झाले होते.

दोन दिवसांच्या या पदासाठी एवढी ओढाताण कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण शपथ देण्यापलीकडे हंगामी अध्यक्षाचे एक काम असते : अध्यक्षाची निवडणूक त्याच्याच पीठासनाखाली होते. आवाज कोणाचा मोठा होता हे तो ठरवतो, आणि मतविभाजनाची, म्हणजे प्रत्यक्ष मते मोजण्याची, मागणी त्याच्याच कानावर पडावी लागते. शपथविधीत मदत करण्यासाठी नेमलेल्या पाच जणांपैकी के. सुरेश, टी. आर. बालू आणि सुदीप बंदोपाध्याय यांनी निषेध म्हणून ते काम केले नाही. राधामोहन सिंह आणि फग्गनसिंह कुलस्ते या दोघांनी ते निभावले.

शपथ नाही तर मत नाही

२४ आणि २५ जून शपथविधीत गेले. निवडून आल्याचे प्रमाणपत्र दाखवायचे, अनुच्छेद ९९ आणि तिसऱ्या अनुसूचीतला मजकूर इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीत वाचायचा, सदस्यांच्या नोंदपटावर सही करायची. मराठीत शपथ घ्यायची तर तसे सचिवालयाला आधी कळवायचे. आधी पंतप्रधान, मग साहाय्यक मंडळींपैकी जे तयार असतील ते, मग मंत्री आणि पुढे राज्यवार बाकीचे, असा क्रम असतो.

शपथ न घेताच सभागृहात बसले किंवा मत दिले तर अनुच्छेद १०४ प्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड आहे. रक्कम १९५० ची आहे, कुणी वाढवलेली नाही. खरा तोटा दंडाचा नसतो, मत वाया जाण्याचा असतो. चुरशीच्या निवडणुकीत पाच जणांची शपथ राहणे महागात पडले असते. पक्षाच्या प्रतोदाने पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात आधी हजेरीची यादी करायची असते, ती याचसाठी. पक्षादेश काढला तरी शपथ न झालेल्या सदस्याला तो उपयोगाचा नाही.

शपथेच्या आगेमागे घोषणा देण्याचा प्रकारही या दोन दिवसांत भरपूर झाला. त्यानंतर अध्यक्षांच्या निर्देश १ मध्ये नवे कलम आले : विहित नमुन्याच्या आधी किंवा नंतर एकही शब्द जोडता येणार नाही.

नियम ७ आणि २५ जूनची सकाळ

अध्यक्षनिवडीची तारीख राष्ट्रपती ठरवतात. पुढची रीत लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतील नियम ७ मध्ये आहे. निवडणुकीच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत महासचिवांकडे प्रस्तावाची लेखी सूचना द्यायची. तिच्यावर प्रस्तावक आणि अनुमोदक अशा दोन वेगवेगळ्या सदस्यांच्या सह्या हव्यात. ज्याचे नाव सुचवले त्याचे, निवडून आल्यास पद स्वीकारण्यास तयार असल्याचे निवेदन सोबत हवे. स्वतःचे नाव स्वतः सुचवता येत नाही. एका सदस्याला एकापेक्षा जास्त प्रस्तावांवर प्रस्तावक किंवा अनुमोदक होता येत नाही. सूचना बाद होण्याचा एक धोका या शेवटच्या अटीत आहे : घाईगर्दीत एकाच माणसाची सही दोन कागदांवर जाऊ शकते.

निवडणूक २६ ला होती, म्हणजे मुदत २५ जून दुपारी १२. या वेळेमुळे वाटाघाटींना आपोआप मर्यादा पडली. सरकारतर्फे राजनाथ सिंह यांनी मल्लिकार्जुन खर्गे यांच्याशी बोलणी केली होती. बिर्लांना पाठिंबा द्यावा, एवढीच सरकारची विनंती. पाठिंबा देतो, पण उपाध्यक्षपद विरोधकांना देण्याचे आत्ताच मान्य करा, ही विरोधकांची अट. २५ च्या सकाळी के. सी. वेणुगोपाल आणि टी. आर. बालू राजनाथ सिंहांच्या संसदेतील दालनात गेले. उपाध्यक्षाचे उपाध्यक्षाच्या वेळी पाहू, या उत्तरापुढे सरकार सरकले नाही. ते दोघे बाहेर आले, आणि मुदतीला काही मिनिटे उरलेली असताना सुरेश यांच्या नावाचे प्रस्ताव दाखल झाले.

घड्याळावर चाललेल्या या निर्णयाची किंमत लगेच कळली. आपल्याला विचारलेच नाही, अशी तक्रार तृणमूल काँग्रेसने जाहीरपणे केली. आघाडीतला तिसरा मोठा पक्ष, २९ खासदारांचा. संध्याकाळपर्यंत फोनाफोनी होऊन रुसवा मिटला, तरी दुसऱ्या दिवशी मतमोजणीचा आग्रह धरायचा की नाही या निर्णयावर त्याची सावली होती, असे आमचे मत आहे.

विरोधकांची एक ढिलाई इथेच दिसते. मुदत आधीपासून ठाऊक होती. प्रस्तावाचे कागद सह्यांसह तयार ठेवून, घटक पक्षांशी आदल्या रात्री बोलून, मग वाटाघाटीला बसता आले असते. प्रस्तावाची सूचना दिल्याने कुणी बांधले जात नाही. सभागृहात नाव पुकारल्यावर तो मांडायचे नाकारता येते. मुदतीच्या तोंडावर निर्णय घेतल्यामुळे पाठिंबा जमवणे आणि कागद भरणे ही दोन्ही कामे एकाच तासात करावी लागली.

क्रमांक पहिला

२६ जूनला सकाळी ११ वाजता बिर्लांच्या नावाचे १३ आणि सुरेश यांच्या नावाचे ३ प्रस्ताव कार्यक्रमपत्रिकेवर होते. एकाच नावाचे इतके प्रस्ताव देण्यामागे हौस कमी आणि हिशेब जास्त असतो. घटक पक्षांच्या सह्या वेगवेगळ्या कागदांवर आल्या की कोण कोणासोबत आहे ते लेखी राहते. एखादी सूचना तांत्रिक कारणाने बाद झाली तर दुसरी उभी असते. बिर्लांचा पहिला प्रस्ताव नरेंद्र मोदींचा, अनुमोदक राजनाथ सिंह. सुरेश यांचे नाव दक्षिण मुंबईचे अरविंद सावंत यांनी मांडले, अनुमोदक एन. के. प्रेमचंद्रन.

आता नियम ७ चा पुढचा भाग. मांडले गेलेले प्रस्ताव ज्या क्रमाने मांडले त्याच क्रमाने एकेक करून मताला टाकायचे, आणि एक मंजूर झाला की पुढचे मताला न टाकता निवड जाहीर करायची. ही 'अ विरुद्ध ब' अशी निवडणूक नाहीच. मतपत्रिकेवर दोन नावे आणि एकावर शिक्का, असे काही नसते. पहिल्या नावाला हो की नाही, एवढाच प्रश्न असतो. मोदींचा प्रस्ताव पहिला होता आणि तो आवाजी मतदानाने मंजूर झाला, म्हणून बाकीचे पंधरा तिथेच संपले. क्रम उलटा असता तर काय दिसते, याचे उदाहरण १९९८ चे आहे. तेव्हा पी. ए. संगमा यांच्या नावाचा शरद पवारांचा प्रस्ताव आधी मताला आला, फेटाळला गेला, आणि मग तेलुगू देसमचे जी. एम. सी. बालयोगी यांच्या नावाचा वाजपेयींचा प्रस्ताव मंजूर झाला. तिथे संगमांच्या नावावर सभागृहाने निदान 'नाही' तरी म्हटले.

महताबांनी आवाजी कौल जाहीर केल्यावर तो आव्हानित करण्याची सोय नियम ३६७ मध्ये आहे. कौलाला आव्हान दिले की पीठासीन अधिकारी लॉबी मोकळी करायला सांगतात. साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा मांडतात. तरीही आव्हान कायम राहिले तर मतविभाजन. मागणी विनाकारण आहे असे पीठासीन अधिकाऱ्यांना वाटले तर ते दोन्ही बाजूंना जागेवर उभे करून डोकी मोजू शकतात. एरवी बटणे दाबून मत नोंदते, पण त्यासाठी प्रत्येकाला आसन आणि विभाजन क्रमांक दिलेला असावा लागतो. नव्या लोकसभेत तिसऱ्या दिवशी ते झालेले नव्हते. म्हणजे छापील चिठ्ठ्या वाटाव्या लागल्या असत्या, सह्या, गोळा करणे, मोजणे. चांगला वेळ गेला असता. नव्या इमारतीत बटणाने पहिले मतविभाजन झाले ते १७ डिसेंबर २०२४ ला, 'एक देश, एक निवडणूक' विधेयक मांडताना : २६९ विरुद्ध १९८.

२६ जूनला असा आग्रह झाला का? काँग्रेसचे म्हणणे, सहमतीच्या भावनेने आम्ही मतविभाजन मागितले नाही. तृणमूलच्या नेत्यांचे म्हणणे, सभागृहातून मागणी झाली आणि ती मान्य झाली नाही. एकाच आघाडीतून आलेली ही दोन विधाने एकमेकांत बसत नाहीत. मागणी खरोखर करायची असेल तर ती कोण करणार, कोणत्या क्षणी, कोणत्या शब्दांत, हे आधी ठरवून एका माणसाने माइकवर स्पष्ट करायची असते. बाकांवरचा गलका नोंदीत मागणी म्हणून उतरत नाही.

मतविभाजन न मागण्यात शहाणपण होते का? आमच्या मते, होते. मोजणी झाली असती तर विरोधकांच्या २३४ चे २२८ किंवा त्याहून कमी झालेले कायमचे छापले गेले असते, आणि सत्ताधाऱ्यांचा आकडा २९३ च्या वर गेला असता. आपला कमी आकडा पहिल्याच आठवड्यात कोणी स्वतःहून दाखवत नाही. प्रस्ताव मांडून विरोध नोंदवला, मोजणी टाळली, एवढ्यावर थांबणे राजकीयदृष्ट्या सोयीचे होते. त्याला तत्त्वाचा मुलामा द्यायची मात्र गरज नव्हती.

लढत झाली म्हणून संसदेची परंपरा मोडली, ही टीका इतिहासाला धरून नाही. १९५२ मध्ये पहिल्याच लोकसभेत गणेश वासुदेव मावळंकर यांच्यासमोर शंकरराव मोरे उभे होते : ३९४ विरुद्ध ५५. १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डी २७८, तेन्नेटी विश्वनाथम २०७. आणीबाणीत, जानेवारी १९७६ मध्ये, बलिराम भगत ३४४, जगन्नाथराव जोशी ५८. तीनही वेळा मते मोजली गेली. या तिन्हींपेक्षा २०२४ चे वेगळेपण लढतीत नाही, न मोजण्यात आहे.

निवड जाहीर झाल्यावर मोदी, राहुल गांधी आणि संसदीय कार्यमंत्री किरेन रिजिजू यांनी बिर्लांना आसनापर्यंत नेले. पूर्ण एक लोकसभा सांभाळून लगेच पुन्हा अध्यक्ष होणारे त्यांच्याआधीचे बलराम जाखड. त्याच दिवशी अध्यक्षांनी आणीबाणीचा निषेध करणारे निवेदन वाचले, विरोधक उभे राहून घोषणा देऊ लागले, आणि सकाळचा सौहार्द तिथेच आटोपला.

विरोधी पक्षनेता : दहा वर्षांनी

या सगळ्या गडबडीत एक नेमणूक कसलाही वाद न होता झाली. १९७७ च्या वेतन व भत्ते कायद्यानुसार विरोधी पक्षनेता म्हणजे विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता. एकदशांश सदस्यसंख्येची अट त्या कायद्यात नाही. ती मावळंकरांच्या काळापासून चालत आलेली, अध्यक्षांच्या निर्देशांत पक्षमान्यतेसाठी असलेली अट आहे. ५४३ चा दहावा भाग, म्हणजे ५५. काँग्रेस २०१४ मध्ये ४४ आणि २०१९ मध्ये ५२ वर अडकली, आणि पद दहा वर्षे रिकामे राहिले.

२०२४ मध्ये हा प्रश्नच उरला नाही. २५ जूनला सोनिया गांधींनी हंगामी अध्यक्षांना पत्र दिले, २६ ला नव्या अध्यक्षांनी राहुल गांधींना मान्यता दिली आणि ती ९ जूनपासून लागू धरली. कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा हा वरवरचा भाग. सीबीआय संचालक, केंद्रीय दक्षता आयुक्त, मुख्य माहिती आयुक्त, लोकपाल यांच्या निवड समित्यांत बसण्याचा हक्क हा खरा.

ज्यासाठी हे सगळे, ते पद

उपाध्यक्षपदाबद्दल अनुच्छेद ९३ एवढेच म्हणतो की, लोकसभा 'शक्य तितक्या लवकर' अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडील. दोघांसाठी शब्द तेच, वाक्यही एकच. फरक नियमात आहे. अध्यक्षनिवडीची तारीख राष्ट्रपती ठरवतात, म्हणून ती टळत नाही. उपाध्यक्षाच्या निवडीची तारीख नियम ८ प्रमाणे अध्यक्ष ठरवतात, आणि कधीपर्यंत ठरवायची हे लिहिलेले नाही. १७वी लोकसभा पाचही वर्षे उपाध्यक्षाविना चालली. असे आधी कधी झाले नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत केंद्राला नोटीसही काढली होती.

पद विरोधकांना देण्याचा संकेत खरा, पण मध्ये तुटलेला. १९९६ मध्ये सूरज भान, १९९८ आणि १९९९ मध्ये पी. एम. सईद, २००४ मध्ये चरणजितसिंग अटवाल, २००९ मध्ये करिया मुंडा. हे सगळे सत्तेबाहेरचे. २०१४ मध्ये अण्णा द्रमुकचे थंबीदुराई झाले, सत्तेत नसलेल्या पण तेव्हा सरकारशी फारसे वैर नसलेल्या पक्षाचे. त्याआधीच्या दशकांत काँग्रेसचे अध्यक्ष आणि काँग्रेसचेच उपाध्यक्ष, हेही झालेले आहे. १९५२ मध्ये अनंतशयनम अय्यंगार असेच आले होते.

उपाध्यक्ष नसला तरी रोजचे कामकाज अडत नाही. अध्यक्ष नियम ९ खाली जास्तीत जास्त दहा जणांची तालिका नेमतात आणि त्यांतले कोणीतरी आसनावर बसते. पण ती माणसे अध्यक्षांनी नेमलेली असतात, सभागृहाने निवडलेली नसतात, आणि अध्यक्षपद रिकामे झाले तर तालिकेला काही अधिकार राहत नाही. मावळंकर २७ फेब्रुवारी १९५६ ला गेले, बालयोगी ३ मार्च २००२ ला हेलिकॉप्टर अपघातात गेले. दोन्ही वेळा उपाध्यक्ष होते म्हणून सभागृह एक दिवसही पोरके झाले नाही. बालयोगींनंतर मनोहर जोशी १० मे २००२ ला निवडून येईपर्यंत दोन महिन्यांहून जास्त काळ सईद यांनी कारभार पाहिला. अध्यक्षांना राजीनामा द्यायचा झाला तर अनुच्छेद ९४ नुसार तो उपाध्यक्षांच्या नावे द्यायचा असतो. उपाध्यक्षच नसेल तर कागद कोणाच्या टेबलावर ठेवायचा, याचे सरळ उत्तर घटनेत नाही.

विरोधकांनी या पदासाठी अध्यक्षनिवडीची वेळ निवडली, कारण ती त्यांच्या हातातली एकमेव वेळ होती जिची मुदत ठरलेली होती. एकदा अध्यक्ष निवडून आले की पुढचा कॅलेंडर अध्यक्षांचा. २ जुलै २०२४ ला लोकसभा अनिश्चित काळासाठी तहकूब झाली, तोवर उपाध्यक्षनिवडीची तारीख जाहीर झालेली नव्हती.